माझ्या तव्यावरची मिसरी

३ फेब्रुवारी १९८४
नाय, दात दुखत नाय माझा! हिरडीतनं रक्त येतं, तर येऊ दे. मिसरी दोनदा लावायची ती चारदा लावते — थांबेल. पोरगा वाल्मीक म्हणतो, "आई, भाकरीला रक्त लागलंय तुझ्या." लागलं तर लागलं. माझंच हाय की!

५ फेब्रुवारी
मिसरी भाजली. तंबाखू तव्यावर पार काळी होईस्तोवर. आख्ख्या गल्लीला माझ्याच हातची लागते. शेजारची वत्सलाबाई डबी घेऊन पहिली हजर.

११ फेब्रुवारी
पंचवटीत झेंडू विकून उठले, तर वाल्मीकनं थेट गंगापूर रोडला नेलं. दाताची डॉक्टरीण. पोरगेलीशी. दाताच्या बुडाचं पांढरं खरवडलं, काचेवर थेंबभर पाण्यात पसरलं, म्हणाली, "मावशी, या नळीतनं बघा."

बघितलं. आई गं! नुसती वळवळ! काड्या पळतात, पीळ घातलेले दोरे पोहतात — झुंडीच्या झुंडी! म्हटलं, कुठल्या गटारीचं पाणी हे? "तुमच्या तोंडातलं."

भ्याले नाय. हटेचना तिथनं. मागचा पेशंट खोकला. खोकू दे! साठ वर्षं हे माझ्या तोंडात, अन् मला पत्ता नाय!

म्हटलं, मिसरीनं मरत नाय का हे? "मिसरीनं हिरडी सोलवटते, खाली सरकते. हे आत शिरतात, दाताचं हाड झिजतं. असंच चाललं तर खालचे सगळे दात जातील. गेलेलं परत येत नाही, मावशी. उरलेलं टिकवू."

१२ फेब्रुवारी
डॉक्टरणीनं दातांवरचं किटण काढलं. खडे निघाले खडे! घरी मालक म्हणाले, "आता दात हालणार बघ." हालतोय एक. मिसरी बंद — माझ्यापुरती. गल्लीची भाजते अजून. वासानं जीव जातो. डोकं चढलंय. कोणी बोलू नये.

१५ फेब्रुवारी
ब्रश. फेस. थू!

२७ फेब्रुवारी
भाकरीला रक्त नाय! परत नळीतनं बघितलं. चार-दोन ठिपके, गपगार पडलेले. लेकाचे गेले कुठं? डॉक्टरीण हसली, "तुम्हीच घालवलेत." मी! चौथी शिकलेली बाई!

४ मार्च
वत्सलाबाई डबी घेऊन आली. म्हटलं, आ कर गं. उन्हात धरलं तोंड. खालच्या तीन दातांना हिरडीच उरली नाय. बोट लावलं — तिन्ही हालले.

म्हणते, "तुमच्या मिसरीवरच टिकलेत हे, ठमाबाई."

पंधरा वर्षं लावते ही. माझ्याच तव्यावरची.