धाडलेली सुरी

आये, तुझं पार्सल कोल्हापूरला आलं तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मांजरपाटाची शिवलेली पिशवी, आत पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यात तुझ्या मासे कापायच्या तिन्ही सुऱ्या. टोकांवर जुन्या चपलेचं रबर सुतळीने घट्ट बांधलेलं. वर पोस्टातल्या बाईंचं अक्षर, ‘आत धारदार वस्तू, जपून उघडा.’ आदल्या खेपेला तू नुसत्या कागदात गुंडाळून नेल्या होत्यास. "मावशी, पाठवायला बंदी नाही, पण पातं असं चालणार नाही. पिशवी उचलणाऱ्याचा हात कापेल," असं म्हणून त्यांनी तुला परत पाठवलं. फोनवर हे सांगताना तू हसलीस. मग म्हणालीस, "तुज्या बापाशीन माका केसांक धरून पडवीत वढल्यान. सुरी गळ्याक लायल्यान. आता घरात एक पातां नाय गो."

"माझ्याकडे ये."

"आणि मासे कोण इकतलो?"

सुऱ्या गेल्या म्हणून तो थांबला नाही. त्याने वल्ह्याने तुझा हात मोडला. हात जुळल्यावर तू पुन्हा बाजारात बसलीस, पण गिऱ्हाईक सुरमई कापून मागायचं आणि तू बाजूच्या मासेवालीच्या सुरीकडे बघायचीस. पुन्हा फोन आला. "किती दिस दुसऱ्याची मागू? एक धाडून दी. बाजारातच ठेवतलंय."

मी धाडली. तसंच रबर, तसाच पुठ्ठा, आत काय आहे ते वर लिहून. वाटेत कुणाचं बोटही कापलं नाही.

शिमग्याच्या आदल्या दिवशी बाजार लवकर उठला आणि घाईत सुरी टोपलीतच राहून घरी आली. घरी त्याने टोपली लाथेने उलथली. शेजारीण सांगते, तू दोन्ही हातांनी पातं धरलंस. ती बोटं मी इस्पितळात चादर बाजूला करून पाहिली. मानेकडे पाहवलं नाही. पोलीस आले तेव्हा तो रक्ताने भिजलेल्या लुंगीत पडवीत बसून होता, विडी मागत. मी साक्ष दिली. तो तुरुंगातच मेला. प्रेत घ्यायला मी गेले नाही.

सुरी मी धाडली होती, हेही कोर्टात सांगितलं. एवढंच सांगितलं नाही, आणि हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही म्हणून लिहिते: पार्सल शिवण्याआधी मी ती धारवाल्याकडे नेली होती. तुझा हात नुकता जुळलेला, कापताना जोर लागू नये म्हणून.