झारी आणि कळशी

हाउन्सलो, लंडन,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आक्कास,
उल्हासचा साष्टांग नमस्कार.

आधीच्या कागदावर सवयीने 'ती. सौ.' लिहून बसलो. पन्नास वर्षांची हाताची सवय, दाजी जाऊन अडीच वर्षं झाली तरी सुटत नाही. तो कागद फाडला आणि हा घेतला.

तू फोन उचलत नाहीस. सूनबाई उचलते आणि म्हणते, "मामा, आई आत्ताच पडल्यात." सकाळी अकरा वाजता? आक्का, अकराला आडवं होणाऱ्यांना तू आळशी म्हणायचीस! असो. तुझा राग रास्त आहे. आशा म्हणाली, "फोन घेत नाहीत ना, मग पत्र लिहा. नाहीतर मीच लिहीन, आणि मी सगळं लिहीन." म्हणून बसलोय.

आधी बरी बातमी. कस्तुरी आता आम्हा आईबाबांपासून दोन बस स्टॉपवर राहायला आली. तिची मायरा अडीच वर्षांची झाली. आठवड्यातले दोन दिवस ती नर्सरीत जाते, तीन दिवस माझ्याकडे. आशा अजून केमिस्टच्या दुकानात कामाला जाते, तेव्हा घरात मी आणि मायरा. उन्हाळ्यात तिचा लंगोट सोडवायचं ठरलं. कस्तुरीने पुस्तकं वाचली, तक्ते लावले, चांदण्यांचे स्टिकर आणले. काम मात्र माझ्या गळ्यात.

तुला आठवतंय का, आमच्या बाथरूममध्ये कमोडशेजारी हिरवी प्लास्टिकची झारी असते? झाडांना पाणी घालायची. तू आली होतीस तेव्हा किती हसली होतीस! इथे आपल्या लोकांच्या घरोघरी तीच असते, कागदाने आपलं समाधान होत नाही. मायराला तिच्या मापाची एक छोटी पिवळी झारी आणली. ती आता झारीशिवाय बसतच नाही. बाहेर जाताना माझ्या पिशवीत दोन चड्ड्या, एक पँट, पाण्याची बाटली आणि झारी. या वयात लग्नाला निघाल्यासारखं सामान.

घरात जमलं गं. खरी परीक्षा बाहेर. जेन्ट्समध्ये न्यावं तर ही मुलगी, आणि भिंतीवरची भांडी बघून खणखणीत आवाजात विचारते, "आबा, ते काका सिंकमध्ये शू का करतात?" लेडीजमध्ये न्यावं तर मी असा मिशीवाला. हात वाळवायचं यंत्र घुर्रर्र करून सुटलं की ती माझ्या पायाला मिठी मारून किंचाळते, मग मी तिचे कान धरायचे आणि तिने माझी पँट.

शेवटी माझ्याकडची किल्ली काढली. इथे अपंगांसाठी वेगळी टॉयलेट असतात, कुलूपबंद. देशभर सगळ्यांना एकच मोठी किल्ली लागते. ती माझ्याकडे चार वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होती. का होती ते सांगतो, जरा दम धर.

किल्ली काढली आणि आमचं राज्य सुरू झालं. लायब्ररी, हाय स्ट्रीट, पार्कातला कॅफे, कुठे टॉयलेट आहे, कुठे साबण नसतो, सगळं पाठ. दोघं आत जायचो, दार लावायचो, आधी ती, मग "आता आबांची टर्न." तिला वाटे हा खेळच आहे. तिचं झालं की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि मला शाबासकी द्यायची. दर चाळीस मिनिटांनी. बसमधून उतरायचं असलं की मी ड्रायव्हरला म्हणायचो, "सॉरी, लिटल वन नीड्स टु गो." सगळे हसून वाट द्यायचे. आक्का, लहान मूल हातात असलं की जगात कुठेही धावत जाता येतं. कोणी विचारत नाही, घाई नक्की कोणाला आहे.

आता कळलं असेल तुला. तू हुशार आहेस.

चार वर्षांपूर्वी तुला हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं होतं ते खोटं. प्रोस्टेटचा कॅन्सर होता. काढला, निघाला, आज मी बरा आहे, काळजी करू नकोस. पण तेव्हापासून माझा माझ्यावर ताबा नाही. खोकलो तर, वाकलो तर, हसलो तर. पॅड लावतो मी. लिहिताना कान गरम झालेत बघ. हे फक्त आशाला माहीत होतं. कस्तुरीला ऑपरेशन ठाऊक होतं, हे नाही.

झालं काय, ऑगस्टमध्ये कस्तुरीच्या लक्षात आलं की नर्सरीत मायरा तीन-तीन तास कोरडी राहते, आणि माझ्याकडे असली की दर चाळीस मिनिटांनी जाते. मीच वहीत लिहून ठेवत होतो ना, शहाणा! कस्तुरी घाबरली. डॉक्टरांची वेळ घेतली. वाडगं घेऊन त्या पोरीच्या मागे दोन दिवस फिरली सॅम्पलसाठी. रिपोर्ट चांगला आला, तरी तिचं समाधान होईना. पुढची तपासणी ठरली, त्यात सुई टोचून रक्त घेणार होते. मी तिथेच बसलो होतो, चहा पीत. आक्का, त्या लेकराला माझ्यामुळे सुई बसणार होती आणि मी बिस्किट बुडवत होतो.

मग गेला गुरुवार. कुंड्या बघायला म्हणून मायराला घेऊन एका गार्डन सेंटरमध्ये गेलो. मी शेवंतीची किंमत बघतोय तोवर ही गायब. शोधतो तो काय! एका कोपऱ्यात फळीवर पन्नास-साठ झाऱ्या ओळीने मांडलेल्या, हिरव्या, लाल, निळ्या. खाली मोठमोठ्या चकचकीत कुंड्या. आणि त्यातल्या एका कुंडीवर आमच्या बाईसाहेब चड्डी खाली करून बसलेल्या, हनुवटी हातावर टेकवून. झारी शेजारी म्हणजे संडास हाच, तिचा हिशेब सरळ होता. तिला वाटलं असणार, वा, काय मोठं टॉयलेट आहे! मला बघून म्हणाली, "आबा, थांब हं. माझी टर्न आहे."

मी हसलो. असा हसलो, असा हसलो की फळीला धरून उभा राहिलो. कित्येक वर्षांत तसा हसलो नव्हतो. आणि ते हसू माझ्या पॅडला झेपलं नाही. फिकट रंगाची पँट, पार गुडघ्यापर्यंत.

तिला चट्कन कडेवर घेतलं, पुढे धरलं. तेवढ्यात तिथे काम करणारी एक बाई आली. माझी पँट बघून मायेने म्हणाली, "ओह, लिटल वन हॅड ॲन ॲक्सिडेंट, लव?"

आणि मी म्हणालो, "येस."

मायराने माझ्याकडे बघितलं. तिची चड्डी कोरडी ठणठणीत. नवी नवी शिकलेली पोर, चांदण्या मिळवणारी. तिचा खालचा ओठ पुढे आला. हळूच म्हणाली, "आबा, मी नाही केली. मी कुंडीत केली."

त्या क्षणी मला मिरज दिसली गं. कुमुदमावशीचं लग्न. मी सहा वर्षांचा, सगळ्या वऱ्हाडासमोर मांडवात उभ्या उभ्या चड्डी ओली केली होती. पोरं हसायला लागणार इतक्यात तू आलीस, कळशी घेऊन. चौदा वर्षांची होतीस, नवा जांभळा परकर नेसलेली. अर्धी कळशी माझ्यावर ओतलीस, उरलेली स्वतःवर, आणि ओरडलीस, "पाय घसरला माझा!" लग्नघरात पाण्याची ओरड, आईने सगळ्यांदेखत तुझ्या दोन मुस्काटात दिल्या. तू रडली नाहीस. माझ्याकडे बघून डोळा मारलास.

तू माझं अंगावर घेतलंस, आक्का. आणि मी सत्तरीचा घोडा, माझं एका लेकराच्या अंगावर टाकत होतो.

मी त्या बाईला म्हणालो, "नो. नॉट हर. इट वॉज मी." कुंडीचंही सांगून टाकलं, ती मात्र मायराची. एवढंच बोलायला चार वर्षं लागली, आणि त्या बाईने काय म्हणावं? "राइट यू आर, माय लव. खताच्या पोत्यांच्या पुढे डावीकडे टॉयलेट आहे." आणि फडकं आणायला गेली. बस्स. आभाळ कोसळलं नाही.

आत गेल्यावर मी पँट पिळत होतो. मायराने तिची पिवळी झारी माझ्यासमोर धरली. मी रोज तिला जे म्हणतो तेच, त्याच सुरात म्हणाली, "होतं असं. रागवायचं नाही. पुसायचं नि जायचं." रडलो मी, आक्का. तिने हात वाळवायचं यंत्र माझ्यासाठी स्वतः चालू केलं. कान स्वतःच धरले आणि डोळे मिटून उभी राहिली, माझी पँट वाळेपर्यंत.

संध्याकाळी कस्तुरीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मला का नाही सांगितला?" तिचं मराठी रागात जास्तच मोडतं. मग गळ्यात पडली. तपासणी रद्द झाली.

आता राहिलं तुझं.

दाजी गेले तेव्हा विमानात जागा नाही असं तुला सांगितलं. जागा होती. तिकीट काढलं होतं. बॅग घेऊन निघालोही होतो. आमच्या घरापासून हीथ्रो बसने पंचवीस मिनिटं. तेवढ्यातही धरवलं नाही मला. मधल्याच स्टॉपवर उतरलो, ओल्या पँटने, बॅग पुढे धरून घरी चालत आलो. एकतीस वर्षं मी त्या विमानांत जेवणं चढवली, आणि त्यात नऊ तास बसायची माझी छाती झाली नाही. बाराव्या दिवशी तुझ्याकडे माहेरचं कोणी नव्हतं. सगळ्यांनी विचारलं असेल, भाऊ कुठाय? तू काय उत्तर दिलंस, मला माहीत नाही. तेव्हाही माझं तूच अंगावर घेतलं असशील.

मला लाज वाटत होती, एवढंच कारण. त्याच्यापुढे तुझं दुःख मी लहान मानलं. माफ कर असं लिहितोय, पण करायलाच हवंस असं नाही.

भाऊबीज तेवीस ऑक्टोबरला आहे. मी एकवीसला निघतोय. तिकीट झालंय, कडेची सीट, टॉयलेटपासून तिसरी रांग. पिशवीत तीन पँटी. मायराने तिची पिवळी झारी माझ्या बॅगेत घातली आहे, ती काढू देत नाही. तू दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन, पण शेजाऱ्यांना विचारून ठेव, त्यांचं टॉयलेट चालेल का.

एकच मागणं आहे. ओवाळताना मी पाटावरून मधेच उठलो, तर रागावू नकोस. ताट हातात धरून तशीच थांब. मी आलोच.

तुझा,
अजूनही चड्डी ओली करणारा,
उल्ह्या