गाडी माझ्याशी बोलते

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार
खंडेनवमी. गाडीची पूजा. आईने स्टिअरिंगच्या लेदर कव्हरवर हळदीकुंकवाची बोटं ओढली. तेवढं मी चालवून घेतलं. पण नारळ फोडायला ती बंपरजवळ वाकली तेव्हा ओरडलोच, पेंटचा टवका उडेल म्हणून. आई म्हणाली, "ऱ्हायलं बाबा. तुज्या गाडीला देवानंबी हात लावायचा न्हाय." नारळ घेऊन फणकाऱ्याने मागे निघून गेली.
संकल्प : आवाज चढवायचा नाही. पेंटचा विषय सोडून.

३ ऑक्टोबर
बायकोने, म्हणजे प्रियदर्शनीने, पुन्हा तोच विषय काढला. पाडव्याला नवी गाडी घ्यायची, ही जुनी, घ्यायला तयार असलेल्या अकलूजच्या शहाजीरावांना द्यायची. मी म्हणालो, ही नुसती गाडी नाही, परफॉर्मन्स सेडान आहे, २००५ची. हायड्रॉलिक स्टिअरिंग. रस्ता हाताला कळतो. ती म्हणाली, रस्ता डोळ्यांना दिसतो, तेवढा बास.
या बाईला ड्रायव्हिंग फील म्हणजे काय ते या जन्मी कळणार नाही.

४ ऑक्टोबर, संध्याकाळी
विजापूर रोड. आज चमत्कार झाला. डावीकडे वळलो आणि मागून गंभीर आवाज आला : धप्. सीटमधून थेट पाठीत. उजवीकडे वळलो. पुन्हा धप्.
वेट ट्रान्सफर, म्हणजे वळणावर गाडीचं वजन एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाणं! गाडीचं मागचं अंग माझ्याशी बोलायला लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मशीन मुरायला वेळ लागतो, हे मी नेहमी म्हणतो. डोळ्यांत पाणी आलं. थोडी धूळही होती.

५ ऑक्टोबर, रविवार
तौलनिक अभ्यास सुरू केला.
पहिली पिढी : माझी. जड, खरखरीत, प्रामाणिक.
दुसरी पिढी : मेहुण्याची, श्रीशैलची. इलेक्ट्रिक स्टिअरिंग. एका बोटाने फिरतं. रस्ता कुठे, आपण कुठे.
तिसरी पिढी : पुतण्याची, युवराजची. मागच्या वर्षी पुण्यात घेतली. 'स्पोर्ट' बटण दाबलं की स्टिअरिंग मुद्दाम जड होतं आणि इंजिनाचा आवाज स्पीकरमधून येतो. स्पीकरमधून! वळणावर मात्र मागून काही नाही. मुकी.
अभ्यासाचं पुस्तक करायचं ठरवलं. आज अर्पणपत्रिका लिहिली.

८ ऑक्टोबर
सोलापुरात वळणंच कमी. म्हणून चौकातल्या सर्कलला फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत धप्, मग काहीच नाही. निष्कर्ष : एकाच दिशेने फिरवलं की गाडी रुसते. हवालदाराने थांबवून पत्ता सापडत नाही का, असं विचारलं. त्याला वेट ट्रान्सफर समजावला. त्याने लायसन्स मागितलं.

१२ ऑक्टोबर, रविवार
घरात निर्णायक बोलणी. मी अट घातली : दिवाळीला युवराज येईल, तो ही गाडी चालवेल. त्याला मागून काही जाणवलं तर गाडी राहील. नाही जाणवलं तर शहाजीरावांना फोन. प्रियदर्शनी लगेच हो म्हणाली. बिचारी. हरलेलीच आहे.

१४ ऑक्टोबर
होम मैदानावर सराव. आठचे आकडे काढले. प्रत्येक आठाला दोन धप्. अप्रतिम. फिरायला आलेले अक्कलकोटचे महादेवप्पा काचेशी वाकून म्हणाले, "घाबरू नगा, येतंय की हळूहळू. लायसन मिळतंय बघा." या वयात शिकणाऱ्यांचं त्यांना फार कौतुक आहे. मी आभार मानले.
पुस्तक : अर्पणपत्रिका बदलली.

१९ ऑक्टोबर, रविवार
परीक्षा. युवराज स्टिअरिंगवर, मी शेजारी, आई आणि प्रियदर्शनी मागे. पहिलंच वळण. धप्.
मी विजयाने मागे पाहिलं. जाणवलं ना, म्हणून युवराजला विचारलं. तो म्हणाला, "व्हय काका, लई जाणवलं. डिकीत कायतरी गडगडतंय."
गाडी थांबवली. डिकी उघडली.
नारळ.
हळदीकुंकू अजून शाबूत. आई म्हणाली, "खंडेनवमीचा हाय त्यो. तू फोडू दिला न्हाईस, मग म्या डिकीत ठिवला. देवाचा नारळ, टाकायचा कुटं?"
मी नियमावर बोट ठेवलं. मागून काही जाणवेल, एवढीच अट होती. काय ते ठरलं नव्हतं. प्रियदर्शनी हसत हसत रस्त्यातच खाली बसली. नारळाशिवाय पुन्हा चालवा, म्हणाली.
चालवली. पूर्ण शांतता.

२० ऑक्टोबर
शहाजीराव गाडी घेऊन गेले. कोपऱ्यावर वळले तेव्हा कान लावून उभा होतो. काही ऐकू आलं नाही. रडू आलं, खोटं कशाला लिहू. फराळाची चिवड्याची वाटी प्रियदर्शनीने हातात दिली. नारळाची आईने चटणी केली. चांगली झाली होती, याचाही राग आला.
पुस्तकाचा विचार तूर्त स्थगित.

२२ ऑक्टोबर, पाडवा
नवी गाडी आली. स्क्रीन मोठा. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. शोरूमपासून घरापर्यंत सगळी वळणं घेतली. मुकी.
पूजा झाली. आई नारळ हातात घेऊन म्हणाली, "फोडू का हितं? का परत पेंट जाईल तुजा?"
मी म्हणालो, फोडू नको. डिकीत ठेव. आणि कापडात गुंडाळू नको.