शेताच्या मधोमध फिकट डाग

१४ डिसेंबर

चि. ढब्बूस आत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्रापेक्षा फोनच का करत नाहीस, असं तू मला विचारलंस. नको रे बाबा. माझे कान आता नावाला उरलेत. तू काहीतरी बोलतोस, मी नुसतं हो हो करते आणि फोन ठेवल्यावर काय बोलणं झालं याचा विचार करत बसते. त्यापेक्षा पत्र बरं, चार वेळा वाचता येतं.

तुमच्या कंपनीचं ड्रोन दर सोमवारी येतं. उडवणारा माणूस बांधाशी गाडी लावतो, उडवतो, निघून जातो. चहा विचारला तर मान हलवतो. ज्याला लहानाचा मोठा केला तो ढब्बू एवढ्या लांब ऑफिसात बसून आपल्या बटाट्याच्या पानांचा रंग बघतो, याची मला मोठी गंमत वाटते. हे फोटो तुझ्याच टेबलावर येतात असं तू लिहिलंस, तेव्हापासून सोमवारी मी लाल स्वेटर घालून शेतात जाते. कडेला झाडं आड येतील म्हणून अगदी मधोमध. ते डोक्यावर आलं की त्याच्यामागे सरीसरीने धावते, हात हलवते. या वयात! कोणी पाहिलं तर म्हातारीला वेड लागलं म्हणतील. पण पाहायला आहे कोण? शेजारची मास्तरीण मुलाकडे राहायला गेली. त्या बाजूला आता संध्याकाळी दिवासुद्धा नसतो.

तर मी दिसले का, ते आधी लिही. बटाट्याचं नंतर.

लोभ आहेच, पत्रं तेवढी वाढव.
तुझी आत्या


२२ डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

खरं सांगतो, तू दिसली नाहीस. सगळं शेत मोठं करकरून पाहिलं. विहीर ओळखली, दोरीवरची निळी चादर ओळखली, तू कुठेच नाहीस. धावते म्हणतेस ती शेतात की माझं मन राखायला नुसती कागदावर?

एक काळजीची गोष्ट आहे. मधल्या सऱ्यांत एक फिकट डाग दिसतोय आणि दर आठवड्याला वाढतोय. चांगल्या तब्येतीचं पीक फोटोत हिरवंगार येतं, मार खाल्लेलं पिवळं पडतं. मला जमिनीतला रोग वाटतो. साहेबांना कळवलंय, तपासनीस येईल. तोवर तिकडे फिरकू नकोस, पायाच्या मातीने रोग सगळीकडे जातो.

माझं ठीक. इथे सगळे कानाला हेडफोन लावून बसतात, जेवतानासुद्धा. मी डबा खाताना आपलं शेत स्क्रीनवर उघडं ठेवतो. कोणी विचारलं तर काम चाललंय म्हणून सांगायचं ठरवलंय. अजून कोणी विचारलेलं नाही.

तुझ्या लोभावर इथे दिवस निघतात, तो आटू देऊ नकोस.
तुझा ढब्बू


५ जानेवारी

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

तुझा तपासनीस येऊन गेला. डागाभोवती खुंट्या ठोकल्या, पट्टी बांधली, माती पुडीत भरली आणि पीक निघेपर्यंत इथे पाय ठेवायचा नाही असं मला दरडावलं. मी स्टूल आधीच उचलून घरात आणलं होतं.

आता विचारशील, कसलं स्टूल? अरे, तो ड्रोनवाला कधी येईल त्याचा नेम नाही. चुकामूक नको म्हणून मी सकाळीच तिथे स्टूल टाकून बसायचे. मग बाकीचे दिवसही बसायला लागले. घरात काय भिंतींशी बोलू? तिथे बसलं की वाटायचं, एवढी जागा तरी तुझ्या नजरेखालची. बसता-उठता रोपं तुडवली गेली. तुझा तो रोग म्हणजे मी! त्या परक्या माणसाला हे सांगायची लाज वाटली.

एवढा डाग दिसला आणि तो पाडणारी आत्या दिसली नाही. डोळे तपासून घे. या सोमवारी मी घरातच बसले. ड्रोनची सावली अंगणातून गेलेली खिडकीतून पाहिली.

राग आहे, लोभही आहे. लिहायला बसलं की राग आधी येतो, एवढंच.
आत्या


११ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून लगेच फोटो जोडणाऱ्या मुलीला जाऊन विचारलं. ड्रोन शेकडो छोटे फोटो काढतं आणि कॉम्प्युटर ते जोडून एक मोठा करतो. एका फोटोत आहे आणि शेजारच्यात नाही, असं जे जे असेल ते तो काढून टाकतो. गाड्या, कुत्री, धावणारी माणसं. तू धावलीस म्हणून पुसली गेलीस.

मग मी सुटे फोटो मागून घेतले. आत्या, तो घरात बसलेला एक सोमवार सोडला तर तू प्रत्येक सोमवारी आहेस! लाल स्वेटर, दोन्ही हात वर. एकदा तर चप्पल मागे सरीत पडलीय आणि तू अनवाणीच पुढे. मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडलो. हेडफोनमुळे कोणाला कळलं नाही.

रोगाची चूक साहेबांना सांगितली, पट्टी काढायला माणूस येईल. पुढच्या सोमवारी मधोमध उभी राहा, मुळीच हलू नकोस. म्हणजे मोठ्या फोटोत येशील. माझं येणं जमेल तसं बघतो. कामाचे दिवस आहेत, रजेचं अवघड आहे.

रागासकट तुझा लोभ मला हवा.
ढब्बू


२९ जानेवारी

चि. ढब्बूस आशीर्वाद.

पट्टी काढायला कोणी आलं नाही. तुझं पत्र आलं त्याच दिवशी बटाटे काढणारी टोळी आली आणि पट्टीबिट्टी सगळं बाजूला करून रान मोकळं करून गेली.

सोमवारी मी गेले. तू सांगितलंस तशी उभी राहिले. हात खाली, मान सरळ, नाक खाजलं तरी हलले नाही. ऊन डोक्यावर आलं, कललं. ड्रोन आलंच नाही. घरी येऊन दार लावताना डोक्यात प्रकाश पडला, की पीकच नाही तर ते येईल कशाला? ते बटाटे बघायला यायचं, मला नव्हे.

मी कधी तोंड उघडून काही मागितलं नाही. आज मागते. मला तुझी फार आठवण येते रे. घर खायला उठतं. फोटो नकोत, मशीन नको. तू ये.

लोभ इतका साठलाय की ठेवायला जागा नाही.
आत्या


३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रजा मागितली नाही, घेतो म्हणून सांगून टाकलं. शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय.

फाटकाशी उभी राहा. आणि हवे तेवढे हात हलव.

तुझा ढब्बू