धुऱ्यातली फट

१९ जून १९७८

पोचलो. आजच लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मागे फिरावंसं वाटलं तर हे पान आडवं येईल.

जवाहरनगरहून फॅक्टरीच्या बसने भंडारा, तिथून अड्याळची एस.टी., पुढे पायी. ट्रंक डोक्यावर. वाटेत तीनदा खाली ठेवून कुलूप तपासलं. बाबूजी बसपर्यंत आले नाहीत. काल जेवताना म्हणाले, “शेती करायले असा चालला जसा विलायतेले चालला! पोळ्याच्या आत वापस येशील. लिहून ठेव.”

ठेवलं लिहून!

दहावी दोनदा नापास — मान्य. म्हणून मी बाबूजींच्या मागे फॅक्टरीच्या फाटकातून जायचं, हे कुठून निघालं? ते मान्य नाही.

शकुनमावशी ही मायची चुलत बहीण. तिने आधी माझे हात उलटेपालटे करून पाहिले. म्हणाली, हे तर मास्तराचे हात आहेत. मग भात वाढला आणि जेवताना सगळं साफ सांगितलं. मावसा गेल्यापासून तीन वर्षं तिची चार एकर धानाची जमीन शेजारचे केशवराव ठेक्याने करत होते. यंदा त्यांना दिलेली नाही. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, मी तडीस नेली तर मी इथे राहायचं, शेत मी करायचं. नाही जमलं तर शेत पुन्हा केशवरावांकडे आणि मी पुन्हा क्वार्टरात. मलाही साफच आवडतं.

तिचं कार्ड या पानाला चिकटवलं आहे. जांभळ्या शाईपेन्सिलीने लिहिलेलं — “श्रावणले पाठवा. घरचा मानूस पाहिजे.” माझ्या नावातला श्र असा काढलाय की वर शेपूट उचललेला विंचूच! पण घरचा माणूस म्हटलंय. मला असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

२० जून

इथे भोंगा नाही. तरी भोंग्याच्याच वेळेला जाग आली. राग आला.

२४ जून

बैल दोन — ठवऱ्या आणि लाल्या. दोघेही माझं ऐकत नाहीत. मी “चल, चल ना आता” म्हणतो, ते उभे. धुऱ्यापलीकडून (इथे बांधाला धुरा म्हणतात) केशवराव पाहत होते. पन्नाशीचा माणूस, कानामागे तुरा खोचल्यासारखी एक पेन्सिल, की विडी, लांबून कळली नाही. ओरडून म्हणाले, “क्वार्टरवाले साहेब, बैलाले अर्ज देऊन राहिले काय? त्याईले वाचता नाही येत!”

पलीकडच्या बायाही हसल्या. मी हसलो नाही. जमीन हातची गेली म्हणून जळतात, दुसरं काय.

हातांना सात फोड. संध्याकाळपर्यंत अर्धी बांधी, म्हणजे धुऱ्यांमधला शेताचा एक तुकडा, नांगरली. वाकडी, पण नांगरली!

२ जुलै

परे टाकले. म्हणजे एका लहान बांधीत धान दाट पेरायचं, रोपं वीतभर झाली की उपटून बाकी सगळ्या बांध्यांत रोवायची. ही एक बांधी वाळली तर वर्ष वाळलं. मावशीने हे मला तीनदा सांगितलं, मी चौथ्यांदा विचारलं.

बी सारखं पडावं म्हणून मी दोरी लावली होती. देवकाबाई (रोवणीच्या बायांची पुढारी, तिच्या शब्दावर वीस बाया उठतात नि बसतात) बघून म्हणाली, “शकुनबाई, तुहा भाचा धान पेरते का शर्ट शिवते?”

दोरी काढली नाही. शेवटपर्यंत नाही.

८ जुलै

लाखनीहून निरोपाची चिठ्ठी आली. मावशीने माझ्या हातात दिली आणि चुलीकडे वळली. मी म्हटलं, वाच ना. तर म्हणाली, “मले वाचता येते काय रे?” तिची मुलगी चंद्रकला लाखनीला बाळंतीण झाली आहे. मुलगा. मावशी लगेच निघाली. दहा-बारा दिवस मी एकटा.

म्हणजे ते कार्ड शाळेच्या गुरुजींनी लिहून दिलं असणार. गुरुजींचं अक्षर असं कसं, हा एक प्रश्नच आहे.

शेत, बैल, परे, घर — सगळं माझ्यावर. जेवण गेलं नाही. दारची कडी दोनदा पाहिली. मग पुन्हा एकदा.

११ जुलै

पाऊस गायब. सहा दिवस थेंब नाही. परे कोवळे आहेत, बोटाएवढे. गावच्या तलावातून पाणकराने पाणी सोडलं तेव्हा आपली बांधी भरली. जीव भांड्यात पडला. दुपारी पाहतो तर निम्मी रिकामी! धुऱ्याच्या बुडाशी हातभर फट. तिच्यातून आपलं पाणी खुशाल केशवरावांच्या बांधीत चाललेलं.

तीन वर्षं दोन्ही शेतं त्यांच्याच हातात होती. केव्हा पाडली असेल ही फट, कोणाला ठाऊक! वरून मला अर्ज देऊन राहिले काय म्हणतात!

आधी दगड, मग धानाचं वाळलेलं तणस, मग चिकणमाती, मग पायाने ठोकून पुन्हा माती. दोन तास लागले. बाकीचा धुराही फिरून पाहिला, आणखी एक बारीक पाझर होता, तोही लिंपला. आता थेंब जात नाही. असं काम फॅक्टरीतल्या फिटरलासुद्धा जमलं नसतं.

१५ जुलै

अजून पाऊस नाही. केशवराव आज धुऱ्यावर आले. मी फावडं घेऊन उभाच होतो. हललो नाही. त्यांनी वाकून माझी माती अंगठ्याने दाबली. म्हणाले, “काम पक्कं आहे.” तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि गेले.

बस्स. भांडण नाही, शिवी नाही. चोर पकडला गेला की गप्पच होतो!

१८ जुलै

आपले परे हिरवेगार. पलीकडचे पिवळे. मी तिकडे पाहत नाही.

१९ जुलै

रोवणीला बाया सांगायला देवकाबाईकडे गेलो. चटई दिली नाही. उभ्यानेच ऐकलं, उभ्यानेच सांगितलं — “तुह्या बांधीत कोनतीच बाई पाय नाही ठेवनार.”

मी विचारलं, काहून? तर म्हणाली, मावशी येऊ दे, तिलेच विचार. आणि सूप उचलून आत गेली.

बाया आल्या नाहीत तर रोवणी नाही. परे जुने होतील, बुडाशी गाठ धरतील, मग रोवून उपयोग नाही. एकट्याने रोवीन! बांध्या अकरा. हिशेब केला. सव्वीस दिवस लागतात. परे तेवढे थांबत नाहीत.

२० जुलै

मावशी आली. पाटी खाली ठेवायच्या आत तिला सगळं कळलेलं होतं. गावाच्या वेशीवरच सांगितलं असणार कोणीतरी. मी माझी बाजू मांडली. चोरी, फट, पाणी. तिने मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

“आपल्या बांधीत पानी कुठून येते?”

“तलावातून.”

“तलाव अन् आपल्या मधात काय आहे?”

“गोमाजींच्या बांध्या.”

“मंग त्याच्या धुऱ्यातून येते ना आपलं पानी? गोमाजीनं उद्या फट लिंपली तं?”



ती फट तिच्या सासऱ्याच्या आधीपासूनची आहे. इथे पाट नाहीत. वरच्याची बांधी भरली की पाणी खालच्याकडे उतरतं, त्याची भरली की त्याच्या खालच्याकडे. सगळं गाव असंच पितं. कोणी कोणाचं अडवत नाही. आजवर कोणी अडवलं नव्हतं.

“त्याचे परे जळले, श्रावण.” एवढंच म्हणाली आणि पाय धुवायला गेली. तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

२१ जुलै

मला कोणी सांगितलं होतं का? नाही! केशवरावांना तोंड नव्हतं का? अंगठ्याने माती दाबून जाण्यापेक्षा दोन शब्द बोलले असते! मी काय पोटातून शिकून आलो? सगळ्यांना माहीत आणि मला एकट्याला नाही, तर चूक एकट्याची कशी?

असं पानभर लिहिलं होतं. वाचून पाहिलं. एकही शब्द चुकीचा लिहिलेला नाही. तरी पान फाडलं.

दुपारी बाबूजींचं पत्र आलं. फॅक्टरीत शिकाऊ पोरं घेणार आहेत, १ ऑगस्टला हजर राहायचं. खाली — “आता तमाशा पुरे. ये.” रागावलेले नाहीत, हे अक्षरावरून कळतं. वाट पाहताहेत. त्यांचा राग सोपा असतो.

ट्रंक बाहेर काढली. कपडे घडी घालून ठेवले. एस.टी. साडेतीनची. वेळ होती, म्हणून धुऱ्यावर गेलो. माझीच माती, माझेच दगड. काढायला लिंपण्यापेक्षा जास्त वेळ लागला, इतकं पक्कं केलं होतं! फट मोकळी झाली. पाणी उतरलं. पलीकडे प्यायला काही उरलंच नव्हतं. वाळलेलं गवत आणि भेगा.

साडेतीन वाजून गेले होते.

२३ जुलै

परे उपटले. मावशीला विचारून. ती म्हणाली, “शेत तू करून राहिला. मले काय विचारतो?”

निम्म्या जुड्या बांधून केशवरावांच्या अंगणात नेल्या. पाच खेपा. ते बैलाच्या जोत्याला गाठ मारत बसले होते. आतून त्यांची बायको बेबीबाई दारात येऊन उभी राहिली. पाचवी खेप टाकल्यावर ते बोलले.

“हे काय होय?”

“तुमचे परे.”

“अन् तुह्या बांध्या?”

“होतील तेवढ्या होतील.”

“पाच-सहा उघड्या राहतीन.”

“राहू द्या.”

माफी मागितली नाही. मागायची म्हणून रस्ताभर वाक्य जुळवलं होतं, पण तिथे ते फार गुळगुळीत वाटलं. जुड्या मोजून ठेवल्या आणि निघालो. मागून बेबीबाई म्हणाली, “अरे, पानी तं पिऊन जाय!”

प्यायलो.

२७ जुलै

आल्या! कालच्या पावसाने बांध्या भरल्या होत्या, आणि सकाळी सातला धुऱ्यावर वीस जणी, लुगडी खोचून. मागे चिखल करायला केशवरावांची जोडी. जणू असंच ठरलं होतं. देवकाबाईने पहिलं रोप लावलं आणि मला हाक मारली, “ये शिंपीदादा, दोरी नाही आनली?”

दिवसभर गाणी. कंबर मोडली. एक आख्खं गाणं माझ्या दोरीवर होतं, हे मला तिसऱ्या कडव्याला कळलं.

परे विरळ लावून सहा बांध्या झाल्या. पाच उघड्या. लोकांनी पाहावं म्हणूनच उघड्या आहेत असं समजतो. लपवणार नाही.

१ ऑगस्ट

आज तिकडे भोंगा झाला असेल. पोरं रांगेत उभी राहिली असतील. मी बैल धुतले. ठवऱ्या आता “चल” म्हटलं की चालतो.

मावशीला विचारलं — सहाच बांध्या. ही रोवणी तडीस गेली म्हणायची की नाही? म्हणाली, “परवा सांगतो.”

३ ऑगस्ट

केशवराव आले. तलावाच्या पाण्याच्या पाळीची यादी करायची होती. ओसरीवर बसले, कानामागची पेन्सिल काढली, जिभेला लावली. जांभळी. गोमाजी लिहिलं. मग मावशीने सांगितलं तसं तिच्या शेतापुढे माझं नाव लिहिलं.

श्र. शेपूट वर उचललेला विंचू.

मी वही आणून कार्ड त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मावशीच आतून बोलली, “मी तं शेत त्यालेच देत होतो. तोच म्हने — शकुनबाई, घरचा मानूस बोलाव. नाव सांग, मी लिवतो.”

केशवराव यादी घडी करून उठले. पेन्सिल ओसरीवरच राहिली. आजचं हे तिनेच लिहितो आहे.

बाबूजींना कार्ड टाकायचं — येत नाही. इथे घरी आहे.