नानांची पूड

आई,

भजनाहून आलात की आधी बसा, मग वाचा. सकाळी दाढी करता करता नाना एकदम खाली बसले. अंग घामाने भिजलं, हात थरथरायला लागले. शेजारच्या कलावतीकाकूंनी साखरेचं पाणी पाजलं आणि आम्ही त्यांना रिक्षाने कोपरच्या दवाखान्यात नेलं. आता बरे आहेत, पण आज तिथेच ठेवणार.

साखर वाढली नव्हती, फार उतरली होती. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्यांशिवाय आणखी काही घेता?" नाना चटकन म्हणाले, "काही नाही." मग मीच सांगितलं की तुम्ही त्यांना खडवलीच्या वैद्यांची पूड रोज ताकातून देता. तेव्हापासून नाना माझ्याशी बोलत नव्हते.

डॉक्टर रागावले नाहीत. पुडीत काय आहे ते त्यांना बघायचंय. कपडे न्यायला आले तेव्हा मी शोधली, सापडली नाही. तुम्ही घेऊन या, घाबरून फेकू नका.

मी दवाखान्यातून निघताना नाना एवढंच बोलले, "तिला सांगू नकोस, मनाला लावून घेईल." तरी लिहिते आहे. नाहीतर घरी आल्यावर ते तुमच्या हातचं ताक पुन्हा मुकाट्याने पितील.

मालू