रिकाम्या इमारतीची मोजणी

प्रिय टिल्ल्या,

‘प्रिय’ लिहिताना हात आखडला, पण सवय सुटत नाही. दोन दिवस तू फोन उचलत नाहीस, दार उघडत नाहीस, म्हणून हे पत्र दाराखालून सरकवतेय. निदान वाच तरी.

आपण वायफाय बसवलं त्या इस्पितळातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरना घरी बसवलंय. परवा भरदुपारी कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा वीस मिनिटं बटण दाबत होते. ते बटण वायफायवरून सिस्टरच्या हातातल्या फोनवर वाजायला हवं, पण काही वाजलंच नाही. शेवटी आजोबा स्वतःच उठले नि पडले, मांडीचं हाड मोडलं. सगळे म्हणतात, बाई गप्पा छाटत बसली असणार. आणि तू आपल्या कंपनीतर्फे लिहून दिलंस, नेटवर्क ठणठणीत आहे! जनाची नाही, मनाची तरी?

काल मी सिग्नल मोजायचं मीटर घेऊन खाटाखाटांमधून फिरले. त्या कोपऱ्यात सिग्नल औषधालाही नाही. आपला वायफायचा डबा आणि तो कोपरा यांच्या मधल्या खोलीत छतापर्यंत सलाइनची खोकी रचलीत. पाणी सिग्नल पिऊन टाकतं, हे तुला मीच शिकवलं होतं ना रे गाढवा? तू सिग्नलची मोजणी केलीस तेव्हा इमारत रिकामी होती. खोकी नव्हती, माणसं नव्हती. सगळं भरलं की पुन्हा फिरायचं असतं. अहवालात तर ‘पुन्हा फिरून तपासले’ असं लिहिलंयस, सहीसकट. कधी फिरलास, स्वप्नात? लहानपणी पाढे न म्हणताच ‘झाले’ म्हणायचास, आई हसायची. तेव्हाच कान पिळायला हवा होता.

तिथून सिस्टरच्या घरी गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईंनी मलाच पाणी दिलं, आणि एवढंच विचारलं, ‘मी तीनदा तक्रार केली होती, तिचं काय झालं?’

मी पेला ठेवून निघून आले. त्याचं उत्तर तुला सांगते. तिन्ही तक्रारी माझ्याकडे आल्या होत्या. तुझ्या अहवालावर विसंबून, खुर्चीतून न उठता, तिन्हींवर ‘निकाली’ लिहून मी मोकळी झाले. तुझ्यावर ओरडतेय त्यातलं अर्धं माझं मलाच आहे. उद्या सकाळी दहाला इस्पितळात सिस्टरची चौकशी आहे. मी जाऊन माझं सांगणार आहे, आणि तुझंही. मागाहून ताईने पाठीत सुरा खुपसला म्हणू नकोस, म्हणून आधी कळवतेय. आलास तर तुझं तू सांग.

अजूनही तुझीच,
ताई